चर्चच्या मदतफंडासाठी रद्दी-भंगार गोळा करायचंय, तर आधी काय घेणार नाही ते ठरवा

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की वेंगुर्ल्याच्या बाजूला तुमच्या पॅरिशमधे (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांत) गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा फंड कायम अपुरा पडतो, यूथची पोरं म्हणतायत की येत्या उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत) घरोघरी जाऊन रद्दी, प्लास्टिक, भंगार गोळा करू, विकू आणि पैसे सोसायटीला देऊ, तर काय काय घ्यायचं, कुठे विकायचं, आणि त्याच दिवशी समुद्रकिनारा पण साफ करून टाकायचा का. मी वसईची, आमच्या पॅरिशमधे हे काम बरीच वर्षं करतेय, गठ्ठे बांधण्यापासून हिशोबाच्या वहीपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते, वेळ काढून वाच आणि तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना वाचायला दे.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की गोळा करणं हा यातला सोपा भाग आहे. लोक द्यायला तयारच असतात, घरातली अडगळ जाते आणि चांगल्या कामाला लागते, कोण नाही म्हणेल. पण पैसा मिळतो तो निवडून वेगळ्या केलेल्या मालाला. एका गोणीत पेपर, तेलाची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, खिळे, जुनी चप्पल असं सगळं कोंबून आलं की भंगारवाला त्यातल्या सगळ्यात हलक्या मालाचा भाव लावतो, आणि त्याचं काही चुकत नाही, कारण ते निवडायला त्याला माणूस बसवावा लागतो. तोच माल वेगवेगळा, कोरडा आणि स्वच्छ आला की भाव बदलतो, आणि ही निवड चर्चच्या अंगणात पोरांनी बसून करायची नसते, ती ज्याच्या त्याच्या घरातच व्हायला पाहिजे. अंगणातली निवड म्हणजे दुपारचं ऊन, वास, माश्या, आणि सकाळी आलेल्यांपैकी अर्धे जण जेवायला म्हणून जातात ते परत येत नाहीत. घरी मात्र बाटली रिकामी झाली की खळखळून एका पिशवीत टाकायची, पेपर वाचून झाला की घडी घालून दुसरीकडे ठेवायचा, एवढंच काम असतं. त्यासाठी लोकांना महिनाभर आधी सांगायला लागतं आणि काय घेणार नाही ते काय घेणार त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहायला लागतं. रविवारच्या मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधीनंतरच्या सूचनांमधे फादरांनी दोन-तीन रविवार सांगितलं तर फार फरक पडतो.

उपवासकाळ निवडलात ते मला खूप आवडलं. एक तर तेव्हा कोकणात हवा कोरडी असते, पाऊस नाही. दुसरं म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी प्रत्येक घराला रिकामी पिशवी द्यायची आणि ईस्टरच्या आधी भरून परत घ्यायची, हे लोकांच्या बरोबर लक्षात राहतं. पाच हजारांना जेवण दिल्यावर येशूने शिष्यांना सांगितलं ना की उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये, योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे, तेच वाक्य आम्ही पिशवीवर चिकटवतो. पण ईस्टर झाला की थांबू नका. वर्षातून एकदाच्या मोठ्या ड्राइव्हपेक्षा दर महिन्याचा एक ठरलेला रविवार कितीतरी जास्त देतो, कारण मग घरात सवय लागते आणि माल साठून कुजत नाही.

आता मालाबद्दल. कागद हा तुमचा मुख्य आधार राहणार. वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगते, ए-फोर कागदाचं ५०० पानांचं एक रिम साधारण अडीच किलोचं असतं, म्हणजे एखादी शाळा, क्लासेस, वकिलाचं ऑफिस किंवा झेरॉक्सचं दुकान वर्षभराचे कागद द्यायला तयार झालं तर ते पन्नास घरांएवढं वजन एका जागी मिळतं. अशी चार-पाच ठिकाणं आधी बांधून घ्या. पांढरा छापील कागद, वह्या, वर्तमानपत्रं आणि पुठ्ठा हे चार वेगळे गठ्ठे, सुतळीने बांधलेले. वह्यांची स्पायरल आणि प्लास्टिकची कव्हरं काढून. लग्नपत्रिका चमकीच्या असतील तर नको, दुकानाच्या गुळगुळीत पावत्या नकोत. दूध-ज्यूसचे टेट्रापॅक कागदासारखे दिसतात पण त्यात साधारण पाऊण भाग कागद आणि बाकीचं प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, गावातला रद्दीवाला ते घेत नाही. दहावी-बारावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, ती आधी सोसायटीच्या लोकांना दाखवा, फी भरायला मदत मागणाऱ्या घरात पुस्तकांची पण गरज असते, आणि अर्ध्या कोऱ्या वह्यांची कोरी पानं शिवून नवीन वही होते.

तुमच्याकडे वर्तमानपत्राला रद्दीपेक्षा चांगला उपयोग आहे तो बघा. हापूसच्या बागायतदारांना आंब्याच्या पेट्या भरायला पेपर लागतातच, शिवाय फळ अंड्याएवढं झालं की त्याला कागदी पिशवी घालायची पद्धत आता कोकणात बऱ्याच बागांमधे आहे, फळमाशी लागत नाही, डाग पडत नाहीत, दापोलीचं कृषी विद्यापीठ पण हे सांगतं. त्या पिशव्या जुन्या वर्तमानपत्राच्याच करता येतात. म्हणजे पावसाळा संपल्यापासून नाताळपर्यंत साठलेले पेपर पॅरिशमधल्या ज्या बायकांना घरबसल्या काम हवंय त्यांना द्यायचे, त्यांना पिशवीमागे मजुरी द्यायची, आणि फळं धरायच्या आधी ओळखीच्या बागायतदाराला पिशव्या विकायच्या. फंडाला पैसे कदाचित थोडेच जास्त मिळतील पण ज्यांच्यासाठी फंड आहे त्यातल्याच दोन घरांत काम जाईल, आणि मला विचारशील तर ते जास्त मोलाचं आहे. वडापाववाल्यांना मात्र पेपर विकू नका, छपाईची शाई खाण्यात जाते आणि अन्नसुरक्षा खात्यानेच ते बंद करायला सांगितलंय.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जुन्या घरातून ट्रंका रिकाम्या होतात तेव्हा रद्दी म्हणून काय काय येतं ते बघितल्याशिवाय गठ्ठा बांधू नका. जुने सातबारा, खरेदीखतं, बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले, आजोबांची बोटीवरची किंवा मुंबईच्या नोकरीची कागदपत्रं, जुनी प्रार्थनेची पुस्तकं, फोटो. हे एकदा लगद्यात गेलं की गेलं, कितीही पैसे दिले तरी परत मिळत नाही. चर्चच्या ऑफिसमधले जुने रजिस्टर तर वाळवी लागलेले असले तरी हात लावायचा नाही, फादरांना दाखवायचे आणि ते सावंतवाडीला बिशप हाऊसला विचारतील. आणि बँकेचे कागद, आधारची झेरॉक्स असं काही दिसलं तर तिथेच फाडून टाका, लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेलं असतं.

प्लास्टिकमधे फार खोलात जाऊ नका, सुरुवातीला फक्त तीन प्रकार घ्या. पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्या (खाली त्रिकोणात १ लिहिलेलं असतं), शॅम्पू-फिनाईलचे जाड डबे आणि तेलाचे कॅन (बहुतेकांवर २), आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो लटकता ठेवा, तुटलेला तुकडा कुणाच्या हाती लागत नाही आणि शेवटी गटारात नाहीतर गुराच्या पोटात जातो. बाटल्यांचं गणित समजून घ्या, एक लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची, म्हणजे एका किलोला चाळीस-पन्नास बाटल्या. न चेपता नेल्या तर टेम्पोत तुम्ही हवा वाहून नेताय, भाडंसुद्धा सुटणार नाही. पिळून, हवा काढून, मग झाकण लावायचं, नाहीतर झाकणं वेगळी जमवायची, कारण झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं. शंका आली तर तुकडा पाण्यात टाकून बघा, बाटलीचं प्लास्टिक बुडतं आणि झाकणाचं, कॅनचं, दुधाच्या पिशवीचं तरंगतं. वेफर-बिस्किटांची पाकिटं, थर्माकोल, चमच्यांचे सेट, पाइपचे तुकडे यांना नाही म्हणायला शिका. लोकांना वाईट वाटेल, आम्ही एवढं धुऊन ठेवलं वगैरे म्हणतील, तरी नाही. तुम्ही घेतलंत आणि विकलं गेलं नाही तर तो ढीग फादरांच्या दारात राहणार.

धातूत वजन कमी आणि पैसे जास्त. तांबं सगळ्यात वर, मग पितळ, मग अ‍ॅल्युमिनियम म्हणजे आपली जर्मलची भांडी आणि कोल्ड्रिंक-बिअरचे कॅन, मग स्टील, लोखंड-पत्रा सगळ्यात शेवटी. एक लोहचुंबक जवळ ठेवा, लोखंड आणि पत्र्याचा डबा चिकटतो, अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही, पण चांगलं स्टीलसुद्धा चिकटत नाही हे लक्षात ठेवा, ते हातात घेतल्यावर जड लागतं तिथे कळतं. कॅन साधारण सत्तर जमले की एक किलो होतो, लग्न आणि नाताळच्या पार्ट्यांनंतर लगेच मिळतात. पितळेची भांडी घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः हातात दिली तरच घ्या. सुनेने घागर दिली आणि सासूबाई मागायला आल्या असं झालं की मग चर्चमधे तोंड फिरवून बसतात दोघी, आणि गोष्ट तुमच्या नावावर येते. विजेची तार, पंपाचे पार्ट, बोटीचा पंखा असं काही अनोळखी माणूस आणून देत असेल तर अजिबात नको, चोरीचा माल असेल तर पोलीस सोसायटीच्या दारात येतील. आणि तांबं काढायला वायरी जाळायच्या नाहीत, वरच्या प्लास्टिकचा धूर फार विषारी असतो, पोरांना हे आधीच बजावून सांगा.

काचेच्या बाबतीत माझं मत सरळ आहे, बिअरच्या अख्ख्या बाटल्या नगावर जातात त्या घ्या, बाकी काच सोडा, ती जड असते, फुटते, हात कापतात आणि मिळत काही नाही. चर्चच्या नावाने दारूच्या बाटल्या गोळा करायच्या का हे आधी फादरांना विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळं मत असतं आणि त्याचा मान ठेवा.

जे कुठल्याही परिस्थितीत घ्यायचं नाही ते म्हणजे सुया-सिरिंज, औषधं, डायपर, ट्यूबलाइट आणि सीएफएल (आत पारा असतो), अ‍ॅसिडवाल्या बॅटऱ्या. कोकणात लाइट जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत, बॅटरी जड असते आणि पैसे पण बरे मिळतात म्हणून मोह होतो, पण ती दुकानदाराला परत द्यायची असते, २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, आणि घरवाल्याला नवीन बॅटरीवर सूट पण मिळते. मोबाइल, कॉम्प्युटर, टीव्ही याचं पण तसंच, नोंदणी असलेल्या रिसायकलरला जायला हवं, गावातल्या भंगारात फोडायला नको.

आता किनाऱ्याचं. जरूर करा, पण वेगळ्या दिवशी, आणि त्यातून फंड उभा राहील अशी आशा धरू नका. किनाऱ्यावरचं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं, वाळू आणि खारट पाणी भरलेलं असतं, भंगारवाला ते हातात घेऊन बाजूला ठेवतो. दोन्ही एकत्र केलंत तर घरचा स्वच्छ माल पण त्याच गोणीत जाऊन घाण होईल. किनारा साफ करणं ही सेवा आहे, ती सेवा म्हणूनच करा आणि तो कचरा नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला आधी सांगून त्यांच्या गाडीत द्या. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा वेगळा करून घ्यायची पद्धत तर आधीच लावलीय, त्यांच्या माणसांना एकदा भेटाच, त्यांना तुमच्या भागातलं काय विकलं जातं ते माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. किनाऱ्याकडून पैशाची एकच वस्तू, ती म्हणजे जुनी जाळी आणि दोर. नायलॉनची जाळी वेगळी आणि तरंगणारे प्लास्टिकचे दोर वेगळे, शिंपले-वाळू झटकून, पण ती रापणवाल्यांकडून (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांकडून), ट्रॉलरवाल्यांकडून मागून घ्या, कारण बरेच जण जुनी जाळी स्वतःच विकतात आणि त्यांचं उत्पन्न आपण घ्यायचं नाही.

याच्याचवरून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तुमच्या गावात सायकलवर नाहीतर हातगाडीवर फिरणारा भंगारवाला आणि पाठीला गोणी लावून बाटल्या वेचणारी बाई असेलच. तुम्ही चर्चच्या नावाने सगळ्या घरांतला माल उचललात तर त्यांचा त्या महिन्याचा धंदा बसला, आणि गरिबाच्या फंडासाठी गरिबाचंच पोट मारलं असं होईल. त्यांना आधी जाऊन भेटा. आम्ही विकायला काढतो तेव्हा आमच्या वाडीत जो भंगारवाला नेहमी येतो त्यालाच माल देतो, भाव बाहेरच्यापेक्षा थोडा कमी मिळाला तरी चालतो, बदल्यात तो निवड कशी करायची ते पोरांना शिकवतो आणि काट्याला घोळ करत नाही. आणि वेचणाऱ्या बाईला अ‍ॅल्युमिनियमचे कॅन तसेच देऊन टाकायला काही हरकत नाही. फ्रान्समधे १९४९ ला एम्माऊस नावाची चळवळ सुरू झाली, तिथे बेघर माणसं लोकांकडचं जुनं सामान आणि भंगार गोळा करून, दुरुस्त करून विकतात आणि त्यावर स्वतः जगतात आणि दुसऱ्यांना मदत करतात. तिथे गरीब माणूस फक्त मदत घेणारा नसतो, काम त्याचंच असतं. आपल्या पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, कचरा वेचणाऱ्या बायकांचीच संघटना. तुम्ही छोटं काम करताय, पण दिशा ती ठेवा.

विकायला कुठे जायचं तर कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला असे दोन-तीन ठिकाणचे भाव फोनवर विचारा, त्याच आठवड्यात विचारा कारण भाव हलतात. आमच्या वसईत पूर्वेला प्लास्टिकचे कारखाने आहेत त्यामुळे आमचा भाव तुम्हाला मिळेल असं समजू नका, तुमच्याकडचा माल पुढे घाटावर नाहीतर मुंबईकडे जातो आणि ते भाडं भावातून कापलं जातं. निघायच्या आधी आपल्या हातकाट्यावर वजन करून वहीत लिहा आणि त्याच्या काट्यावर परत बघा. छोटा हत्ती म्हणजे छोटा टेम्पो कुणा पॅरिशच्या माणसाचा मिळाला तर डिझेलवर काम होईल. माल चर्चच्या आवारात ठेवायचा असेल तर जास्तीत जास्त एक रात्र, त्याच्या पुढे नको. कागदाला वाळवी लागते, बाटल्यांत पाणी साचून डास होतात, आणि तुमच्या भागात फुरसं (विषारी साप) किती आहे ते मी सांगायला नको, ढिगाखाली हात घालायचा नाही, काठीने हलवायचं, बूट आणि जाड हातमोजे सगळ्यांना. जून ते सप्टेंबर कागद बंदच ठेवा, भिजलेल्या रद्दीचं वजन रद्दीवाला निम्मं धरतो, त्या चार महिन्यांत फक्त धातू आणि बाटल्या. गणपतीच्या आधी आणि दिवाळीत आजूबाजूच्या हिंदू घरांत साफसफाई निघते, तेव्हा शेजारी स्वतःहून बोलावतात.

त्या शेजाऱ्यांना पैसे कशाला वापरणार ते स्पष्ट सांगा. सोसायटी म्हणजे काय, १८३३ मधे पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केली, गरिबाच्या घरी स्वतः जायचं हे तिचं मूळ काम, आणि मदत करताना जात-धर्म बघत नाही. डायलिसिसला, औषधाला, फीला, किराण्याला पैसे जातात असं साध्या शब्दांत सांगितलं की कुणाच्या मनात काही राहत नाही. पण कुणाच्या घरी गेले ते नाव कधीच सांगायचं नाही, पोरांनाही ते माहिती असायची गरज नाही, सोसायटीचा तो नियमच आहे. फोटो काढायचे तर गठ्ठ्यांचे काढा, मदत घेणाऱ्याचे नाही.

हिशोब मात्र उघडा. भंगारवाल्याची पावती, किलो, भाव, मिळालेली रक्कम, टेम्पोचा खर्च, पोरांच्या सरबताचा खर्च, सगळं एका कागदावर लिहून पुढच्या रविवारी नोटीस बोर्डावर. पैसे मोजायला कायम दोघं जण, त्यात एक यूथचा आणि एक सोसायटीचा. ऑनलाइन पैसे सोसायटीच्या खात्यावरच, कुणाच्या वैयक्तिक मोबाइलवर घ्यायचे नाहीत, एक दिवसासाठी पण नाही. कुणी विचारेल की रद्दी दिली तर आयकरात सवलतीसाठी ८०जी ची पावती मिळेल का, तर नाही, ती सवलत वस्तू दिल्यावर मिळत नाही, फक्त पैसे दिल्यावर मिळते, आणि रोख असतील तर दोन हजारांपर्यंतच. तसं आधीच सांगितलं की गैरसमज होत नाही.

फादरांकडे परवानगीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी या आठवड्यात दोन-तीन घरांतला माल वेगळा करून भंगारवाल्याकडे नेऊन बघा, काय घेतलं, काय परत दिलं आणि कशाला किती भाव लावला ते लिहून घ्या, आणि तो कागद घेऊनच त्यांना भेटा. घेणार आणि न घेणार याची यादी तुमच्या गावच्या हिशोबाने त्याच कागदावरून होईल, माझ्या यादीवरून करू नका. पिशव्या वाटायच्या आधी ती यादी मला पाठवलीस तर मी बघून सांगेन.